हुशार काँक्रीट आणि गावची वाट



बोईसरच्या पूर्वेकडील एका गावातून एका ताईंचे पत्र आले आहे. ताई ग्रामपंचायतीच्या सदस्य आहेत. नाव छापू नये असे त्यांनी कळवले आहे, म्हणून छापत नाही. त्या लिहितात की, त्यांच्या पाड्याला सिमेंटचा रस्ता झाला तेव्हा गावाने नारळ फोडला, पेढे वाटले. पण दुसरा पावसाळा लागण्याआधीच रस्त्याला आडव्यातिडव्या भेगा गेल्या. शिवाय नवा रस्ता जुन्यापेक्षा वीतभर उंच झाला, त्यामुळे मोठी सर आली की पाणी वाटेने जायचे सोडून लोकांच्या ओटीवर येते. आता पलीकडच्या पाड्याच्या रस्त्याची बोलणी चालली आहेत. ग्रामसभेत कोणी तरी सांगितले की, या वेळी 'स्मार्ट काँक्रीट' वापरू, त्याच्या भेगा आपोआप बुजतात. ताई विचारतात, "हे खरे का? आणि खरे असेल तर मी हात वर करू का?"

प्रश्न एका ताईंचा असला तरी तो तुमच्याआमच्या सगळ्यांच्या दारातला आहे. डहाणू-घोलवडचा चिकू, विक्रमगड-जव्हारचा मोगरा, वाड्याचा कोलम, केळव्याची पाने, सातपाटीचा पापलेट, सारा माल शेवटी रस्त्यावरच येतो. खड्ड्यांतून आदळत गेलेला चिकू बाजारात पोचेपर्यंत काळा पडतो आणि भाव पडला की दोष बागेला मिळतो. मालाचे एक वेळ सोडून द्या. आपल्याच जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपाड्यांत, अडलेल्या बाईला डोलीत घालून मोठ्या रस्त्यापर्यंत आणावे लागल्याच्या बातम्या अजून येतात. तेव्हा रस्ता टिकतो की नाही हा इंजिनियर आणि ठेकेदार यांच्यापुरता प्रश्न नाही. आज त्याचाच विचार जरा सविस्तर करू.

डांबर उखडते का आणि काँक्रीट तडकते का

पालघर जिल्ह्यात सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि तोही चार महिन्यांत. डांबराचा पहिला वैरी म्हणजे पाणी. डांबरी थराला बारीक चीर पडली की पाणी खाली मुरते, खालचा मुरूम मऊ होतो, वरून गाडी गेली की तो दबतो आणि खड्डा तयार होतो. गटार नसेल तर हे काम एका पावसाळ्यात उरकते.

काँक्रीटचा रस्ता निराळ्या रीतीने काम करतो. तो म्हणजे जमिनीवर ठेवलेली एक ताठ लादी. चाकाचे ओझे लादी आपल्या अंगावर घेते आणि आजूबाजूच्या बऱ्याच जमिनीवर पसरवते. चिखलात पाय रुततो, पण फळी टाकून चालले तर रुतत नाही, त्यातलाच हा प्रकार. आरंभी खर्च जास्त, पण नीट केला तर वीस-तीस वर्षे मोठ्या दुरुस्तीशिवाय जातो. मुंबईच्या मरीन ड्राइव्हचा रस्ता १९४० च्या सुमारास काँक्रीटचा झाला आणि त्याने समुद्राचे वारे खात सत्तरएक वर्षे काढली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला, तो काँक्रीटचा. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला, तोही काँक्रीटचा. आपल्या दारावरून जाणाऱ्या मुंबई-अहमदाबाद महामार्गावरही २०२४ च्या सुमारास जुन्या डांबरावर काँक्रीटचा थर चढवण्याचे काम सुरू झाले. त्याला व्हाइट टॉपिंग म्हणतात. त्या काळात मनोर-चारोटीकडे जाताना वाहतुकीच्या रांगांत तुमच्यापैकी अनेकांचा तास-दीड तास गेला असेल.

मग ताईंच्या पाड्यावरचा रस्ता दीड वर्षात का तडकला? काँक्रीटचा स्वभाव असा की, ते दाबाला पहिलवान आणि ओढीला लेचेपेचे. ओतल्यावर ते वाळताना आकसते. पुढे दिवसा उन्हाने फुगते, रात्री गारव्याने आखडते. भाताच्या खाचरातले पाणी आटले की चिखलाला कशा भेगा पडतात ते तुम्ही दरवर्षी पाहता. काँक्रीटचेही तसेच. भेग ही पडणारच. ती कोठे पडावी हे मात्र माणसाला ठरवता येते. काँक्रीटच्या रस्त्यावर ठरावीक अंतराने आडव्या सरळ रेघा मारलेल्या दिसतात, त्या शोभेसाठी नसतात. "तुला फुटायचे तर इथे फूट" असे काँक्रीटला सांगण्याची ती खूण असते. ज्या रस्त्यावर ही रेघ वेळेवर मारली नाही, त्याला काँक्रीट आपल्या मर्जीने रेघ मारते.

हुशार म्हणजे नेमके काय?

साधे काँक्रीट म्हणजे सिमेंट, रेती, खडी आणि पाणी. त्यात असे काही घालायचे की त्याने आपली ओल राखावी, आपली भेग धरून ठेवावी किंवा बुजवावी, नाही तर अंगावर किती ओझे आले ते सांगावे. अशा काँक्रीटला हल्ली हुशार काँक्रीट म्हणतात. नाव एक असले तरी त्यात जाती अनेक आहेत. काही आज तालुक्याच्या दुकानात मिळतात, तर काही अजून प्रयोगशाळेच्या उंबरठ्यावर आहेत. कोणी नुसते 'स्मार्ट' म्हटले तर "कोणत्या जातीचे?" असे आधी विचारावे. बियाणे घेताना आपण नुसते 'सुधारित' एवढ्यावर पैसे देत नाही, तसेच हे.

डहाणूची राख

पहिली जात आपल्या घरची आहे. ती म्हणजे कोळशाची राख. डहाणूला ५०० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र आहे. ते होऊ घातले तेव्हा चिकूच्या बागांवर राख आणि धूर बसेल या काळजीने तिथल्या लोकांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली होती. १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर झाला. ती काळजी खोटी नव्हती. मोकळी राख वाऱ्यावर उडाली किंवा ओढ्यात गेली तर ती उपद्रवच करते. पण हीच बारीक राख सिमेंटात बांधली गेली की गुणाची होते.

ती कशी, ते पाहा. सिमेंट आणि पाणी एकत्र आले की चिकट बंध तयार होतो आणि त्याबरोबर थोडा चुना मोकळा सुटतो. हा मोकळा चुना काँक्रीटची कच्ची बाजू. पाण्याने तो विरघळून वाहतो, खारे आणि आम्लाचे पाणी त्यालाच आधी खाते. राखेतली सिलिका या मोकळ्या चुन्याला धरते आणि त्याचाही बंध करते. काँक्रीट अधिक घट्ट होते आणि पाणी आत शिरायला वाट कमी राहते. आपल्या जुन्या गवंड्यांना हे ठाऊक होते. चुन्याच्या घाणीत ते विटेची सुरखी मिसळत. सुरखीचे काम आज राख करते. समुद्राकाठच्या गावांना आणि तारापूरसारख्या रासायनिक कारखान्यांच्या आसपास, जिथे गटाराचे पाणी नुसते पावसाचे नसते, तिथे या गुणाची किंमत जास्त.

दुकानात 'पीपीसी' म्हणून जे सिमेंटचे पोते मिळते, त्यात मानकाप्रमाणे १५ ते ३५ टक्के राख आधीच असते. म्हणजे ही हुशारी तुम्ही घर बांधताना नकळत विकत घेतलेली आहे. औष्णिक केंद्रांनी आपली सगळी राख उपयोगात आणावी असा केंद्र सरकारचा नियम ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने झाला, आणि रस्ता हा त्या उपयोगांपैकी एक. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवा. राखेच्या सिमेंटात आणखी राख अंदाजपंचे टाकायची नसते. आणि राखेचे काँक्रीट सावकाश बळ धरते, त्यामुळे त्याला पाणी जास्त दिवस मारावे लागते. या दुसऱ्या गोष्टीतच बहुतेक कामे बिघडतात. त्याविषयी पुढे सांगतो.

कुडाच्या भिंतीतली काडी

दुसरी जात तंतूंची. आपल्या भागातल्या कुडाच्या घरात कारवीच्या काड्यांवर माती आणि शेण लिंपतात. भिंतीच्या गाऱ्यात भाताचे तूस किंवा पेंढ्याचे तुकडे घालतात. का घालतात? वाळताना माती फुटू लागली की काडी तिला धरून ठेवते. काँक्रीटमध्येही हेच करता येते. प्लॅस्टिकच्या जातीचे, बोटाच्या पेरापेक्षा लहान आणि केसासारखे बारीक तंतू मिसळले की पहिल्या काही तासांत पडणाऱ्या बारीक भेगा कमी होतात. पोलादाचे किंवा जाड प्लॅस्टिकचे तंतू घातले तर पुढे पडलेली भेगही ते शिवल्यासारखी धरून ठेवतात. हा माल बाजारात मिळतो. खर्च फार नाही, पण तो नीट पसरून मिसळला पाहिजे. गुठळी झाली तर जिथे गुठळी तिथेच काँक्रीट कच्चे राहते.

याच रांगेत ओल राखणारी द्रव्येही येतात. कोरडवाहू शेतात मुळांशी ओल राहावी म्हणून हायड्रोजेल वापरतात, ते काहींनी पाहिले असेल. तशाच जातीचे पाणी धरणारे कण काँक्रीटमध्ये घालून त्याला आतून ओल देण्याचे काम जगभर चालले आहे. त्याहून सोपा उपाय म्हणजे ताज्या काँक्रीटवर फवारायचे क्युरिंग कंपाउंड. त्याचा पातळ पापुद्रा बसतो आणि आतले पाणी उडून जात नाही. पाण्याची टंचाई असलेल्या पाड्यांना हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आपली भेग आपणच बुजवणारे

आता ताईंचा मूळ प्रश्न. भेग आपोआप बुजते का?

बारीक भेग बुजते, हे खरे आहे आणि ते नवेही नाही. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तारापूरचा किल्लाही त्याच मोहिमेत आला. या किनाऱ्यावरचे दगडचुन्याचे जुने तट पोर्तुगीज गेले, पेशवाई गेली, तरी खारा वारा सोसत उभे आहेत. चुन्याच्या दर्जात बारीक चीर पडली की पावसाचे पाणी थोडा चुना विरघळवते, तो चिरेत जाऊन बसतो आणि वाळून घट्ट होतो. रोमन लोकांच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या काँक्रीटमध्ये चुन्याच्या पांढऱ्या गाठी दिसतात. पूर्वी लोक म्हणत, मिसळण्याच्या हलगर्जीपणामुळे त्या राहिल्या. २०२३ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी दाखवले की, याच गाठी पाणी लागले की विरघळून चिरा बुजवतात.

आजच्या काळात हाच गुण मुद्दाम आणण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला जंतूंचा. हॉलंडमधील डेल्फ्ट विद्यापीठात हेंक योंकर्स यांनी २००६ च्या सुमारास हे काम हाती घेतले. काँक्रीटसारख्या कडक जागीही तग धरणाऱ्या जंतूंची बीजे आणि त्यांचे खाद्य काँक्रीटमध्ये घालून ठेवायचे. खाद्य म्हणजे कॅल्शियम लॅक्टेट, दह्याताकात जे आम्ल असते त्याचाच चुन्याशी जमलेला क्षार. कोरडे असेतो बीजे झोपलेली असतात. भेग पडून पाणी आत आले की ती जागी होतात, खाद्य खातात आणि चुनखडी तयार करतात. ती चुनखडी भेग भरते. विरजण दुधात पडले की आपले काम करते, तसेच. पण ही भेग किती रुंदीची? एका मिलिमीटरच्या आतली. ज्या भेगेत नाणे उभे राहते, ती या जंतूंच्या आवाक्यातली नव्हे. शिवाय हे काँक्रीट महाग पडते. पाण्याच्या टाक्या, बोगदे, तळघरे अशा ठिकाणी ते परवडते, पाड्याच्या रस्त्याला आज तरी नाही.

दुसरा मार्ग आपल्याला जवळचा, कारण तो भारतातल्या एका खेड्यात खरोखर वापरला गेला आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात नेमकुमार बांठिया हे स्थापत्यशास्त्राचे प्राध्यापक आहेत. ते मूळचे नागपूरचे. त्यांच्या चमूने बंगळूरपासून सुमारे ९० किलोमीटरवरच्या थोंडेबावी या गावात २०१५ च्या अखेरीस ६५० मीटरचा रस्ता केला. तिथला पूर्वीचा रस्ता कच्चा होता. नव्या रस्त्यात सिमेंटपैकी ६० टक्के जागी राख घातली. त्यात तंतू घातले, आणि त्या तंतूंना पाण्याची ओढ असलेला एक अतिसूक्ष्म लेप दिला. काँक्रीटमध्ये काही सिमेंट पाण्यावाचून तसेच कोरडे राहून जाते. पुढे भेग पडली आणि पाऊस आला की हे तंतू पाणी धरून ठेवतात, कोरडे राहिलेले सिमेंट भिजते, नवा बंध तयार होतो आणि बारीक भेग मिटते. म्हणजे जो पाऊस रस्त्याचा वैरी, त्यालाच कामाला लावले. रस्त्याची जाडीही सुमारे १० सेंटिमीटर, नेहमीपेक्षा पुष्कळच कमी.

ऐकून कोणालाही वाटेल, आपल्याकडेही हेच करू. विचार चांगला आहे, पण सावध राहा. तो रस्ता तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, मिश्रणाचे माप काटेकोर ठेवून झाला. तो भाग आपल्यापेक्षा खूपच कोरडा. आपल्याकडे चार महिने पाणी तुंबते, बोईसरच्या बाजूला अवजड ट्रक आडवाटेने गावात शिरतात आणि किनाऱ्याजवळ खाली खाजणाची मऊ माती लागते. तेव्हा 'थोंडेबावीला १० सेंटिमीटर चालले' असे सांगून कोणी साध्या काँक्रीटची जाडी कमी करू लागला, तर ती हुशारी काँक्रीटची नव्हे, ठेकेदाराची.

बोलणारे काँक्रीट

आणखी एक जात थोडक्यात सांगतो. अमेरिकेतील बफेलो विद्यापीठातील डेबोरा चुंग यांनी १९९० च्या दशकात काँक्रीटमध्ये कार्बनचे आखूड तंतू मिसळले. कार्बनमधून वीज वाहते. काँक्रीटवर भार आला किंवा आत इजा झाली की विजेला होणारा अडथळा बदलतो आणि तो यंत्रावर मोजता येतो. अशा रस्त्यावरून गेलेल्या ट्रकचे वजन गाडी न थांबवता कळू शकते. औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यांना आणि पुलांना याचा उपयोग उद्या होईल. पाड्याला त्याची गरज नाही. आपला रस्ता बोलत नसला तरी त्याच्याकडे पाहणारे डोळे गावात आहेत.

गावाने काय पाहावे

आता कामाचे बोलू. वर सांगितलेली कोणतीही हुशारी पुढच्या गोष्टी जमल्या तरच उपयोगी पडते. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार? यातली एकही गोष्ट पाहायला इंजिनियरची पदवी लागत नाही.

पहिली गोष्ट पाण्याची वाट. रस्ता आखण्याआधी पावसाळ्यात पाणी कोठून येते आणि कोठे जाते हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. भातखाचरांमधून जाणारा उंच रस्ता म्हणजे न मागितलेला बांध. एका बाजूचे शेत बुडते, दुसरे कोरडे राहते. जिथे जिथे पाणी ओलांडते तिथे मोरी हवी, आणि वस्तीत दोन्ही बाजूंनी गटार हवे. जुन्या रस्त्यावरच नवा थर चढवणार असतील तर उंची किती वाढणार आणि घरांच्या जोत्यांचे काय होणार, हे खुणा करून आधी दाखवायला सांगा. ताईंच्या ओटीवर पाणी येते ते काँक्रीट हुशार नव्हते म्हणून नव्हे. कोणी जोत्याची उंची पाहिली नाही म्हणून.

दुसरी गोष्ट पोटातली. नळाची पाइपलाइन, विजेची केबल, सांडपाणी, जे काही रस्ता ओलांडून न्यायचे असेल ते आधी न्या. आज नसेल तर उद्यासाठी रिकामे पाइप आडवे टाकून ठेवा. नवा काँक्रीट रस्ता फोडून नळ टाकल्याची उदाहरणे गावोगाव आहेत. फोडलेली लादी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

तिसरी गोष्ट पाया. खालचा भराव, मुरूम आणि खडीचा थर पाणी मारून रोलरने नीट दाबलेला हवा. खाली पोकळ राहिले तर वरची लादी अधांतरी राहते आणि पहिल्या भरल्या ट्रॅक्टरला मोडते. खाजणाच्या जमिनीत तर याची दुप्पट काळजी घ्यावी.

चौथी गोष्ट माल आणि पाणी. खाडीची खारी रेती नको. रस्त्याच्या सांध्यांत पोलादी गज असतात, ते मिठाने गंजतात. पाणी पिण्याजोगे असावे, खाऱ्या बोअरचे नको. आणि पाणी मापून घाला. ५० किलोच्या एका पोत्याला साधारण २० ते २२ लिटर पाणी पुरते, रेती ओली असेल तर त्याहूनही कमी. पसरायला सोपे जावे म्हणून मजूर आणखी बादली ओततात. ते पाणी पुढे उडून जाते आणि मागे पोकळ जागा ठेवते. पातळ आमटीसारखे काँक्रीट दिसले की काम थांबवायला सांगा.

पाचवी गोष्ट जाडी आणि उतार. गावरस्त्याची जाडी साधारण १५ ते २० सेंटिमीटर, म्हणजे विताला थोडी कमी, असते. नेमका आकडा अंदाजपत्रकात लिहिलेला असतो. साइडपट्टी भरण्याआधी कडेला पट्टी लावून दहा ठिकाणी मोजा. रस्ता मधोमध उंच आणि कडेला उतरता हवा. तीन मीटर रुंदीच्या रस्त्याला मध्यभाग कडेपेक्षा ३ सेंटिमीटर उंच म्हणजे शेकडा दोनचा उतार. कडेपासून कडेपर्यंत दोरी ताणली की पोरांनाही तो दिसतो. साइडपट्टी मात्र सोडू देऊ नका, नाही तर कडा तुटत जातात.

सहावी गोष्ट सांधे. गावरस्त्याला साधारण अडीच ते चार मीटरवर एक आडवा सांधा हवा. तो ओतल्यानंतर त्याच दिवशी किंवा रात्री, म्हणजे हवेप्रमाणे ६ ते १८ तासांत, यंत्राने कापायचा असतो. खोली जाडीच्या पाव ते तिसरा हिस्सा. "यंत्र उद्या येईल" असे उत्तर आले तर भेग आजच येणार, हे समजून चाला. पुढे सांध्यात माती-पाणी जाऊ नये म्हणून मसाला भरतात, तो दोन-चार वर्षांनी पाहावा लागतो.

सातवी आणि सर्वांत मोठी गोष्ट पाणी मारण्याची. काँक्रीट वाळत नाही, ते पिकते, आणि पिकायला ओल लागते. निदान १४ दिवस ते ओले राहिले पाहिजे. आपल्याकडे निधी मार्चअखेर येतो, काम एप्रिल-मे मध्ये होते, आणि त्याच वेळी जव्हार-मोखाड्यात बायाबापड्या हंड्यासाठी मैलभर चालत असतात. तिथे रस्त्याला पाणी कोण मारणार? दोन दिवस टँकर येतो, तिसऱ्या दिवसापासून ऊन. मग भेगा पडतात आणि दोष सिमेंटला लागतो. म्हणून ग्रामसभेने ठरवावे की काम दिवाळीनंतर थंडीत, ओढ्या-बंधाऱ्याला पाणी असताना करावे. रस्त्यावर गोणपाट किंवा पेंढा अंथरून तो ओला ठेवावा. पाणी नसेल तर क्युरिंग कंपाउंडची तरतूद अंदाजपत्रकातच मागावी. ट्रॅक्टर-टेम्पो २८ दिवस दूर ठेवावा. तेवढा धीर धरला तर पुढची वीस वर्षे धीर धरावा लागत नाही. आणि लोखंडी केजव्हील लावलेला ट्रॅक्टर रस्त्यावरून नेणे आपणच बंद केले पाहिजे. चिखलणीचे चाक चिखलातच शोभते.

हात वर करावा का?

ताई, हात जरूर वर करा, पण त्याआधी प्रश्न विचारा. कोणते द्रव्य घालणार? किती घालणार? त्याचा खर्च अंदाजपत्रकात कोठे धरला आहे? मिश्रणाची चाचणी कोणत्या प्रयोगशाळेत झाली? उत्तर लेखी घ्या. काम चालू असताना काँक्रीटचे १५ सेंटिमीटरचे ठोकळे तुमच्यासमोर भरायला सांगा, २८ दिवसांनी त्यांच्या दाबाची चाचणी होते आणि तिचा कागद मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्याची ठेकेदाराकडे पाच वर्षे देखभाल असते. इतर निधीच्या कामालाही दोष-दुरुस्तीची मुदत असते, ती किती हे आधीच वाचून घ्या.

आपल्या जिल्ह्याचा मोठा भाग पेसा कायद्याखाली येतो. तो कायदा १९९६ चा, राज्याचे नियम २०१४ चे. आदिवासी उपयोजनेच्या पाच टक्के निधीतून काय करायचे हे तिथली ग्रामसभाच ठरवते. ज्या ग्रामसभेला खर्च ठरवण्याचा हक्क आहे, तिला माप घेण्याचाही आहे. काम चालू असताना रोज दोन माणसे पाळीने उभी राहिली, एकाच्या हातात पट्टी आणि दुसऱ्याच्या हातात वही, तरी अर्धे काम सुधारते. महिला बचत गटांनी ही पाळी घेतली तर मला फार आनंद होईल. पाणी ओटीवर आले की ते उपसायला शेवटी त्यांनाच वाकावे लागते.

राखेचे सिमेंट मागा, तंतू परवडत असतील तर तेही मागा. ही हुशारी स्वस्त आहे, हाताशी आहे आणि आपल्या हवेला मानवणारी आहे. जंतूंचे आणि बोलणारे काँक्रीट आपल्या पोरांच्या काळात येईल, तेव्हा तेही आनंदाने घेऊ. मात्र कोणत्याही काँक्रीटला गटार खणता येत नाही, की स्वतःवर चौदा दिवस पाणी मारून घेता येत नाही. तेवढी हुशारी गावालाच दाखवावी लागते.

तुमच्या गावच्या रस्त्याचा अनुभव, चांगला असो की वाईट, जरूर लिहून पाठवा.